फायनलला समोर कोण होतं

मी आमचं वटार गाव सोडलं त्या दुपारी ऑल्विनदादा गाडीत माझ्या शेजारी बसला आणि विमानतळ येईपर्यंत मला अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या जुन्या फायनल विचारत राहिला. त्याच्या पलीकडे आई रोझरीचे मणी ओढत बसली होती. पप्पा आले नाहीत. केळीला पाणी सोडायचंय, म्हणाले.

"टेक्सास जिंकलं. समोर कोण होतं?"

"केंटकी."

"त्या मॅचचं एवढं नाव का?"

"टेक्सासच्या कॉलेजने पहिले पाचही खेळाडू काळे उतरवले. केंटकीचे सगळे गोरे."

"बरोबर. तिथे कुणी विचारलं तर अडायला नको."

आत शिरताना आईने माझी कॉलर नीट केली. "सायमन, दादाला लवकर तिकडे बोलव रे." मी म्हणालो, वर्षभरात बोलावतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला कॉम्प्युटरची नोकरी मिळाली होती आणि मला सगळंच सोपं वाटत होतं.

दादाला हे वेड चर्चमागच्या सिमेंटच्या कोर्टावर लागलं. अमेरिकेत शिकून आलेल्या एका फादरनी त्याला तिथल्या कॉलेज स्पर्धांच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक दिलं. दादा आमच्या कॉलेजच्या टीमचा कॅप्टन होता. बी.कॉम. झाल्यावर तो पप्पांबरोबर केळीची वाडी बघायचा आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना खेळ शिकवायचा. पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. नुसतं कोण जिंकलं हे सांगितलेलं त्याला चालायचं नाही. "हरलेला पण फायनलपर्यंत आलेलाच असतो ना? त्याचं नाव सांग." एकदा तरी दोघांनी मिळून ती फायनल स्टेडियममध्ये बसून बघायची, असं आमचं ठरलं होतं.

ओहायोमध्ये मला पहिली माणसं मिळाली ती दादाच्या या शिकवणीवर. मार्च आला की सगळं ऑफिस कोणती टीम कोणाला हरवणार याचे अंदाज बांधत बसायचं. एकदा लंचला मी सहज बोलून गेलो की नॉर्थ कॅरोलिना आणि कॅन्ससच्या फायनलला तीनदा जादा वेळ द्यावा लागला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हापासून जुन्या जोड्या विचारायला लोक माझ्या टेबलाशी यायचे. हे सगळं माझ्या भावाचं आहे, मी सांगायचो. "मग बोलव ना त्याला," ते म्हणायचे. त्यांना वाटायचं, तिकीट काढलं की माणूस येतो.

पहिल्यांदा दादाचा व्हिसा नाकारला तेव्हा तो फोनवर हसला. दुसऱ्या वेळचं मात्र त्याने मला पुनःपुन्हा सांगितलं. व्हिसाच्या खिडकीतल्या गोऱ्या साहेबाने विचारलं, कशाला जायचंय? कॉलेजची फायनल बघायला, दादा म्हणाला. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, एकाच राज्यातल्या दोन टीम फायनलला कधी भिडल्या होत्या का? "ओहायो," दादा म्हणाला. "सलग दोन वर्षं त्याच दोन टीम. दोन्ही वेळा सिनसिनाटीच्या पोरांनी मैदान मारलं." साहेब खूश झाला. आणखी दोन-चार विचारल्या, दादाने सगळ्या सांगितल्या. मागच्या रांगेतले लोकसुद्धा ऐकायला लागले होते. मग साहेबाने लग्न झालंय का, पगार किती, ते विचारलं. लग्न झालं नव्हतं आणि वाडीला पगार नसतो, म्हणजे हा माणूस परत येईल याची खात्री नाही. त्याने पासपोर्ट परत सरकवला आणि म्हणाला, "तुमच्याशी बोलून फार आनंद झाला."

"खरंच आनंद झाला होता रे त्याला," दादा मला सांगायचा.

तिसऱ्या वेळी कुणी काही विचारलंच नाही, नुसता नकार मिळाला. त्यानंतर दादाने अर्ज केला नाही. मी विषय काढला की तो विहिरीचं बोलायचा. टँकरवाल्यांनी गावातलं पाणी उपसून नेलं, आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी पिवळी पडायला लागली. पप्पा गेले आणि पाठोपाठ आई. दोन्ही वेळा मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. वाडी विकून दादाने नायगावला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी फोनवरच हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुढे एकदा मी एकटाच फायनलला गेलो. एवढं मोठं स्टेडियम मी पाहिलं नव्हतं. बँड वाजत होते, पोरं तोंडं रंगवून ओरडत होती. मध्यंतरात बाहेर येऊन मी दादाला फोन लावला, त्याला आवाज ऐकू यावा म्हणून फोन वर धरला. परत कानाला लावला तर तो म्हणाला, "सायमन, कामाला निघायचंय. ठेवू?" तो एका सोसायटीच्या ऑफिसात हिशेब लिहायला लागला होता.

त्या वर्षी नाताळात मी नायगावला गेलो. स्टेडियममध्ये मिळालेलं फायनलचं छापील पुस्तक त्याच्यासाठी नेलं होतं. "तिथे ठेव," तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. जेवताना मी मुद्दाम त्याला कॅन्ससची फायनल विचारली. समोर कोण होतं दादा?

त्याने आमटी वाढून घेतली. "आता नाही लक्षात राहत."

त्याला खरंच आठवत नव्हतं की त्याला सांगायचं नव्हतं, हे मला कळलं नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले, त्यांनी आपल्या मागच्या माणसाला असं काही विचारून बघितलंय का? आणि जे मागे राहिले, तुम्ही काय उत्तर देता?

निघायच्या दिवशी दादा माझी बॅग घेऊन खाली आला. गेटवरच्या वॉचमनने त्याला विचारलं, "पाहुणे निघाले का साहेब?"

"हो," दादा म्हणाला. त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. बॅग नीट डिकीत ठेवून त्याने हात झटकले.

विमानतळाच्या वाटेवर गाडी खाडीच्या पुलाकडे वळली तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "घरी निघालात का?" मीही दादासारखंच हो म्हणालो.