सालंकाकूंची पिशवी

लग्नाला गेल्या की सालंकाकू आधी नवरी बघायच्या नाहीत, थेट स्वयंपाकाकडे वळायच्या. कानात मोत्यांच्या कुड्या, अंगावर ठेवणीतली साडी आणि काखेत ही भलीमोठी कापडी पिशवी! तिथे लग्नाचं जेवण रांधणाऱ्या आमच्या हलवाईभियाला हुकूम सुटायचा, "भिया, कांदे तुमचे, सालं माझी. फेंकना नहीं हां!" त्यांचं खरं नाव आमच्या वस्तीत, राजेंद्र नगरात, कोणी घेतच नसे.

ज्यूसवाल्याकडून डाळिंबाची सालं, देवळातून निर्माल्यातला झेंडू, असं सगळं त्यांच्या गच्चीवर वाळत पडलेलं असे. ते उकळून त्या रंगात जुन्या सुती साड्या रंगवायच्या आणि त्यांच्या तुकड्यांतून भिंतीवर लावायची चित्रं शिवायच्या. बाजारातल्या रंगाचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. "पुडीतला रंग आधीच ठरवून आलेला असतो गं. त्यात काय मजा?"

त्यांना मुलगी नव्हती. माझं लग्न ठरल्यावर त्यांनी आईला बजावलं, "हिची अष्टपुत्री मी रंगवणार." लग्नात नेसायची ती पिवळी नऊवारी! हातमागाची कोरी साडी आली, डाळिंबाची सालं भिजली. नऊवार त्यांच्या पितळी पातेल्यात मावेना, म्हणून हलवाईभियाची लोखंडी कढई आणली. आणि तिथेच घोटाळा झाला. लोखंड लागलं आणि साडी निघाली चक्क मेंदीसारखी हिरवट. लग्न परवावर आलेलं!

"अगंबाई, ही कसली पिवळी?" आई ओरडली. काकू तडक उठल्या. घरी गेल्या आणि दार लावून बसल्या. एरवी ते दार सताड उघडं असायचं. आता काकू लग्नालाच येत नाहीत, असं मला वाटलं.

मी ती साडी नेसूनच त्यांच्या दारात उभी राहिले. "काकू, दार उघडा. हा रंग तर ठरवून आला नव्हता ना? मग मी हीच नेसणार."

दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी डोळे पुसले. "कार्टे, झकास दिसतेयस की!" लग्नाच्या दिवशी सकाळी त्या आल्या, अर्थातच आधी स्वयंपाकाकडे.

आता कापडाची चित्रं मी करते. त्या हिरव्यासाठी मुद्दाम लोखंडी कढई घेते. काकू गेल्या वर्षी गेल्या. फार आठवण येते.

परवा एका लग्नात माझे पाय आपोआप स्वयंपाकाकडे वळले. हलवाईभिया तोच, आता म्हातारा झालेला. मी काही मागायच्या आतच त्याने कांद्याच्या सालांनी भरलेली पिशवी पुढे केली.

"भिया, ही कोणासाठी ठेवली होती?"

"काकूजी के लिए," तो म्हणाला. "फेंकने को हाथ ही नहीं उठता."