आधी भडगावला जाऊन ये

आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये उपासना एक तास चालते आणि नंतरचा चहा दीड तास. आता तुम्हीच सांगा, किस्से साठणार नाहीत तर काय होईल? कुणी लिहून ठेवत नाही, तरी एकही हरवत नाही. उलट दर वर्षी त्यांना नवी फांदी फुटते. मी वीस वर्षं तिथे पेटी वाजवतो. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही मीच. पोटापाण्याला चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना विचारत असतो, "आता स्पष्ट दिसतंय का?" हे लक्षात ठेवा, पुढे माझीच शोभा होणार आहे.

*

आमच्यात एक जुनी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मेजावर भाकर आणि द्राक्षरसाचा पेला, वर पांढरं फडकं. फडकं काढण्याआधी पाळकसाहेब म्हणतात, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आधी उठा आणि सलाम करून या." सलाम म्हणजे समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि माफी मागायची. मग पाळकसाहेब थांबतात. खरंच थांबतात. एकदा दोन सख्खे भाऊ उठेनात म्हणून पाऊण तास थांबले होते. मागे स्वयंपाकघरात सहभोजनाची खिचडी करपली, पण फडकं काही हललं नाही.

बाहेरच्यांना ही रीत फार गोड वाटते. एकदा सापडून बघा तिच्यात!

एका रविवारी सुधाकरनाना उठले. हे आमच्यातले सगळ्यात जुने सभासद, निवृत्त तलाठी. ते थेट माझ्या पेटीपाशी आले आणि म्हणाले, "विजय, दोन वर्षं तुझ्याविषयी मनात राग होता. माफ कर."

मी चाट पडलो. मला पत्ताच नव्हता. म्हटलं, "नाना, कशाबद्दल?"

"जाऊ दे ना आता."

"नाही, सांगा तरी."

"तुझी पेटी बेसूर आहे. उपासनेचा विचका होतो."

झालं. नाना हलक्या मनाने भाकर घ्यायला गेले आणि पुढचा महिनाभर मी धुमसत राहिलो. पुढच्या पहिल्या रविवारी मला उठून त्यांच्याकडे जावं लागलं. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे."

*

आता मनोरमाअक्का. पंचाहत्तरीच्या. पंचेचाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना त्या अहिराणीत विचारायच्या, "माय, आते कसं शे?" आणि निम्मं दुखणं तिथेच पळायचं असं लोक सांगतात. पण अक्का म्हणजे प्रेमळ आजी वगैरे समजू नका. चहात साखर जास्त पडली तर कप परत करतात, आणि करणाऱ्याचं तोंडही बघत नाहीत.

एका नाताळात पाळकसाहेबांनी वेळ वाचवायला गीताचं चौथं कडवं गाळलं. अक्कांनी त्यांच्याशी तीन महिने अबोला धरला. त्याच तीन महिन्यांत त्या रोज एका बाईच्या घरी जाऊन तिला आंघोळ घालत होत्या, भरवत होत्या. ही कोण? तर हिने नोकरीत असताना अक्कांवर खोटी तक्रार केली होती. औषधं चोरली म्हणून. अक्का सहा महिने चौकशीत होत्या, सगळ्या स्टाफसमोर त्यांचं कपाट उघडलं होतं. आता ती बाई अंथरुणाला खिळली होती.

मला राहवेना. विचारलं, "अक्का, हिला माफ केलंत आणि पाळकसाहेबांना नाही?"

अक्का म्हणाल्या, "ती आजारी आहे. पाळकाला काय झालंय?"

*

आता माझ्याकडे वळू. एका रविवारी उपासना सुटली आणि अक्कांच्या चपला गायब. त्या जागी पुरुषी, दोन नंबर मोठ्या, झिजलेल्या. मी ताबडतोब कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. एक म्हातारा अक्कांच्या चपला पायात सरकवून निघालेला स्पष्ट दिसत होता. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "देवाच्या दारात चोरी करणारा हा महाभाग ओळखा." वर दोन हसरे चेहरे.

दहा मिनिटांत ओळखला. तो आमच्याच एका सभासदाचा सासरा निघाला. जामनेरहून डोळे दाखवायला धुळ्याला आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पायाला जे लागलं ते घालून बिचारा निघून गेला होता.

मी चष्मेवाला! त्या माणसाची चाल तीनदा झूम करून बघितली आणि त्याला दिसत नाही हे मला दिसलं नाही. मी ग्रुपवरून फोटो उडवला, पण तोवर फोटो जामनेरला पोचला होता. जावयाने चपला परत आणून दिल्या, सासरा मात्र परत कधी धुळ्याला आला नाही. ऑपरेशनसुद्धा त्याने जळगावला करून घेतलं.

अक्कांनी मात्र सासऱ्याच्या चपला परत दिल्या नाहीत. म्हणाल्या, "येऊ दे त्याला, हातात देईन." वर्षभर त्या चपला चर्चच्या दाराशी पुसून ठेवलेल्या असायच्या.

माणूस एवढ्यावर शहाणा व्हायला हवा ना? मी नाही झालो.

*

दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी आमचा गाण्याचा सराव असतो. अक्का रस्ता ओलांडून येत होत्या, मी मागून मोटरसायकलवर. तेवढ्यात गतिरोधकावरून एक मुलगी स्कूटीवर वेगाने आली आणि अक्कांना धडकली. अक्का पडल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी काय केलं असेल? मी फोन काढला.

लोक धावले, कुणी अक्कांच्या डोक्याखाली हात घातला, कुणी पाणी आणलं. मी शूटिंग करत होतो. समोर ती मुलगी रस्त्यात उभी, कानाला फोन. माझं डोकंच फिरलं. तो व्हिडिओ मी गाडीच्या नंबरासकट ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "आमच्या पंचाहत्तर वर्षांच्या अक्का रस्त्यावर पडल्यात आणि ह्या निर्लज्ज पोरीचं फोनवर चाललंय. इतका शेअर करा की हिला तोंड दाखवायला जागा उरता कामा नये."

लोकांनी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून माझ्या बहिणीचा फोन आला, "अरे, तुमच्या धुळ्याची ती बया बघितलीस का?" मी छाती फुगवून सांगितलं, "अगं, तो व्हिडिओ मीच काढलाय." दुपारपर्यंत मुलीचं नाव, नर्सिंग कॉलेज, भडगावचं घर, बापाचा मोबाईल नंबर, सगळं लोकांनी शोधून खाली लिहिलं होतं. काय काय लिहिलं होतं ते सांगण्यासारखं नाही. तिचं नाव मी इथे सांगत नाही. माझ्यामुळे ते एकदा गावभर झालंय.

*

अक्कांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ती पोरगी आली होती का?"

मी म्हटलं, "दोनदा आली. दोन्ही वेळा मी दारातूनच हाकलली. आणि नुसती हाकलली नाही, अक्का, चांगला धडा शिकवलाय." असं म्हणून मी त्यांच्यासमोर फोन धरला. शाबासकी मिळणार अशी माझी पक्की खात्री होती.

अक्कांनी व्हिडिओ बघितला. म्हणाल्या, "परत लाव." परत बघितला. मग तिसऱ्यांदा.

"ती अँब्युलन्स बोलवत होती," त्या म्हणाल्या. "मी खाली पडून ऐकत होते. आजीला लागलंय, लवकर या, म्हणून रडत होती. तू एवढा जवळ होतास, तुला ऐकू आलं नाही?"

मला खरंच ऐकू आलं नव्हतं. मी फ्रेम बघत होतो.

मग अक्कांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे बघ."

मी बघितलं. अक्कांची साडी मांडीपर्यंत वर गेलेली होती. मी तो व्हिडिओ पन्नास वेळा बघितला असेल, मुलीच्या तोंडाशिवाय मला काही दिसलं नव्हतं. धुळे, जळगाव, भडगाव, सगळ्यांनी अक्कांना तसं पाहिलं होतं.

"पंचेचाळीस वर्षं," अक्का म्हणाल्या, "मी लोकांच्या अंगावर चादर ओढत आले."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी व्हिडिओ काढून टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता, तो केव्हाच माझा राहिला नव्हता.

*

चार महिन्यांनी अक्का वॉकर घेऊन चर्चमध्ये आल्या. पहिलाच रविवार होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नानांनी तर डोळे पुसले. मी पेटीच्या मागे मान खाली घालून बसलो. मेज मांडलेलं होतं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

अक्का वॉकर धरून उठल्या. "माझं आहे एक."

सगळं चर्च गहिवरलं. पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले, "अक्का, तुम्ही बसा. ती मुलगी इथे नाही. मनातल्या मनात माफ केलंत तरी देवाला पोचतं."

"तिच्याशी माझं काही नाही. ती चुकली, तिला मी पडल्या पडल्याच माफ केलं. माझं विजयशी आहे."

अख्खं चर्च माझ्याकडे वळलं. मला तर वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. मी उठलो, कसाबसा त्यांच्यापर्यंत गेलो आणि हात पुढे केला. "अक्का, माफ करा."

अक्कांनी हात घेतला नाही. आमच्या चर्चमध्ये असं कधी झालेलं नव्हतं. पुढे केलेला हात कुणी नाकारलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

"आधी भडगावला जाऊन ये," त्या म्हणाल्या. "तुझी गाठ तिथे आहे. माझ्याशी सोडवून काय उपयोग?"

पाळकसाहेब गोंधळले. फडकं हातात धरून नुसतेच उभे. मागून नाना पुटपुटले, "आज काही खरं नाही." तेव्हा अक्काच म्हणाल्या, "साहेब, बाकीच्यांना द्या. त्यांचा खोळंबा नको. आम्ही दोघं थांबतो."

आणि त्या माझ्या शेजारी, पेटीच्या बाकावर येऊन बसल्या. भाकर आली, पुढे गेली. पेला आला, पुढे गेला. ऑपरेशन होईपर्यंत त्या बाईने आयुष्यात एक प्रभुभोजन चुकवलं नसेल. मी पेटी वाजवायला बोटं ठेवली. अक्का हळूच म्हणाल्या, "वाजव. तशीही बेसूरच असते."

*

सोमवारी दुकान बंद ठेवून मी भडगावची एसटी पकडली. स्टँडवर उतरून एका चहावाल्याला त्या मुलीच्या बापाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कोण, ती व्हिडिओवाली का?" आणि लगेच रस्ता दाखवला. तिथेच परत फिरावंसं वाटलं मला.

बाप ओट्यावर कापसाची पोती शिवत होता. मी कोण ते सांगितलं. त्याने सुई खाली ठेवली. मला वाटलं, आता हा उठून मारणार. मारायला हवं होतं त्याने. पण तो म्हणाला, "बठ्ठा गावनी दखं, भाऊ. पोरगी चार महिने घरमा शे." सगळ्या गावाने तो व्हिडिओ बघितला होता. एवढं बोलून त्याने आत हाक मारली.

ती आली. व्हिडिओतल्यापेक्षा लहान वाटली. कॉलेज तेव्हाच सोडलं होतं. वर्गातल्या मुलीच तिला बघून फोन काढायच्या म्हणे. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. आत गेली, फोन घेऊन आली आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडासमोर धरला.

"आता बोला, काका. नावापासून."

दुकानात कोण बघेल, बहीण बघेल, पोरं बघतील, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण पेटीच्या बाकावर बसलेल्या अक्काही गेल्या. मी बोललो. नाव सांगितलं, दुकान सांगितलं, कुठल्या चर्चचा ते सांगितलं. ही मुलगी अँब्युलन्स बोलवत होती आणि मी खोटं लिहिलं, हे सांगितलं. ही दवाखान्यात दोनदा आली आणि मी तिला हाकललं, हेही सांगितलं. जामनेरच्या म्हाताऱ्याचंसुद्धा सांगून टाकलं. किती वेळ बोललो कुणास ठाऊक. शेवटी रडायलाच लागलो. तिचे हात जराही हलले नाहीत.

बापाने पाण्याचा तांब्या पुढे केला. "पानी पे, भाऊ."

मी पाणी प्यायलो, डोळे पुसले आणि विचारलं, "कधी टाकणार?"

तिने फोनचा पडदा माझ्याकडे वळवला. नुसती काळी काच.

"हा त्या दिवसापासून बंदच आहे, काका," ती म्हणाली. "आजी आता चालतात का?"