काकूंची शेवटची काशी

"म्हातारीला तुम्हीच काय ते सांगा. मी पुढं येत नाय."

रस्त्यात आडव्या टाकलेल्या ओंडक्यांपलीकडे एक जण शेजारच्याला हळूच म्हणाला. बसच्या खिडकीतून मला ते ऐकू आलं. बोलणारा दामू होता, आमच्या शेवटच्या प्रवासी जनाआजींचा मुलगा. आजी मागच्या सीटवर गंगाजलाचा गडू मांडीवर धरून झोपल्या होत्या. काकूंनीही ते ऐकलं असावं. त्यांनी पदर खोचला आणि त्या खाली उतरल्या.

पेणपासून रोह्यापर्यंत त्यांना सगळे यात्रावाल्या काकू म्हणत. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात घर, पेणला स्टँडसमोर एका खोलीचं ऑफिस आणि एक जुनी बस. मिठागरावर, भातशेतीत राबणाऱ्या ज्या बायका कधी नागोठण्यापलीकडे गेल्या नव्हत्या, त्यांना काकू काशीला नेत. परतल्यावर प्रत्येकीला तिच्या उंबऱ्यापर्यंत स्वतः सोडत. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणत, "माणूस आपण घरातनं उचलला होता, स्टँडवरनं नाय."

कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याकडे लागले ती हॉटेलांना इंग्रजीत मेल लिहायला. मी इंग्रजी शाळेतली, त्यातून अबोल. यात्रेतल्या बायका मला मुकीच समजत. काकू त्यांना सांगत, "मुकी नाय गो, बोलणं महाग हाय तिचं."

त्या मार्चमध्ये आम्ही काशीत असतानाच साथीमुळे देश बंद झाला. आमच्या धर्मशाळेत इतर कंपन्यांचेही प्रवासी होते. त्यांच्या मालकांचे फोन लागेनात. एका कंपनीने दिलगिरीचा मेसेज पाठवला आणि नंबर बंद केला. दुसरीचा मॅनेजर सकाळी दूध आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. काकू मात्र रोज सरकारी कचेरीसमोर जाऊन उभ्या राहत. अर्ज मी लिहायचे, बोलायच्या त्या. "साब, हमारा म्हातारा लोग है, दवा संपला है." पहिल्या दिवशी मला हसू आलं. नंतर आलं नाही. शेवटी पास मिळाला आणि आम्ही निघालो. वाटेत ठिकठिकाणी लोक डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. काकूंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, पुन्हा उघडला, पुन्हा ओढला.

बाकीच्यांना त्यांच्या दारांनी घेतलं, कुणी आनंदाने, कुणी नाइलाजाने. जनाआजींच्या खाडीकाठच्या या गावाने मात्र त्यांना घेतलं नाही. ठरलेले दिवस बाहेर राहू दे, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. कचेरीत भांडणाऱ्या काकू इथे भांडल्या नाहीत. बसमध्ये परत आल्या, आजींना उठवलं आणि म्हणाल्या, "उठा गो. काशीचं माणूस थेट घरात शिरत नाय, ठावं हाय ना? वेशीवरल्या देवळात थांबायचं. घरचे वाजतगाजत न्यायला येतील."

रीत खरीच होती. काशीहून आलेल्याला मिरवत नेतात, गंगापूजन होतं, गावजेवण होतं. आजी खुशीत उतरल्या. काकू त्यांच्यासोबत देवळात राहिल्या. मीही राहिले, कारण पेणला आमच्या सोसायटीनेही आईला तेच सांगितलं होतं, फक्त जरा सभ्य भाषेत.

ओंडक्यांवर कुणीतरी डबा ठेवून जाई. सकाळी काकू आजींच्या केसांना तेल लावत. संध्याकाळी आजी काशीत घेतलेलं लुगडं नेसून रस्त्याकडे तोंड करून बसत. "माझ्या सासूला नेली तवा दोन ताशे होते," असं सांगत.

ठरलेले दिवस भरले. आरोग्य केंद्राच्या आशाताई तपासून गेल्या, ओंडके बाजूला झाले. दामू मोटरसायकल घेऊन आला, तोंडाला रुमाल बांधून लांबच उभा राहिला.

"वाजंत्री कुठंय रं?" आजींनी विचारलं.

बंदी आहे, तो म्हणाला. मग मी थांबते, आजी म्हणाल्या. त्याने एकदाही आग्रह केला नाही. गाडीला किक मारली तेव्हा त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. दुसऱ्या दिवसापासून गावात एकच बोलणं सुरू झालं: म्हातारीलाच यायचं नाय, आम्ही काय करणार?

त्यानंतर डबाच येत राहिला. ऊन वाढलं. आजी लुगडं नेसून आता आडव्याच पडून राहत, जेवण निम्म्यावर आलं. मी काकूंना बाजूला घेऊन म्हटलं, खरं सांगून टाकूया. त्या म्हणाल्या, "पोरानं अडवली, हे आईला मी कुठल्या तोंडानं सांगू? मीच बसवली तिला इथं."

पुढच्या वर्षी त्याच आजारात काकू गेल्या. बस पेणच्या पुलाजवळ उभ्या उभ्या गंजली, ड्रायव्हर कोलाडला भाजी विकू लागला. आजही लोक काकूंच्या धडाडीबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर काकू येतात त्या देवळातल्या एका दुपारच्या.

आजींनी भाताचं ताट न खाताच सारलं आणि विचारलं, "आज तरी येतील ना गो?"

काकूंनी तोंड उघडलं. 'येतील' हा शब्द त्यांनी रोज दिला होता, त्या दिवशी तो निघेना. ओठ नुसते हलले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणाकडे काही मागताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

मी उठून आजींजवळ जाऊन बसले.

"आजी, वाजंत्री येणार नाहीत," मी म्हणाले. "दामूदादा घाबरलाय, म्हणून तुम्हाला इथं ठेवलंय. घर तुमचं आहे. उठा, मी चालते तुमच्यासोबत."