परत जाण्याची परवानगी

नोकरीत हाताळलेली बहुतेक प्रकरणे आता माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले. यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाला आरोपी म्हणून न्यायालयात उभे करण्याचीही वेळ आली नाही. तरीही त्या दिवसांत मी जे पाहिले, त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पनवेलला उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत असताना ठाणे अंमलदाराने एका तरुणाला माझ्या टेबलाशी आणून उभे केले. तिशी नुकतीच ओलांडलेली, कपडे परदेशी, चेहरा मात्र इथल्या खाडीकाठचा. अमेरिकेत इंजिनिअर होता. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी आला होता आणि खांदा कॉलनीत थोरल्या भावाच्या घरी उतरला होता. कपाटातल्या चामडी पाकिटातून त्याचा पासपोर्ट आणि त्यासोबतचा एक कागद नाहीसा झाला होता.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "तक्रार लिहून द्या, दाखला देतो. दाखल्यावर नवा पासपोर्ट मिळेल."

"पासपोर्ट मिळेल, साहेब. कागद मिळणार नाही."

त्याने समजावून सांगितले ते मला नवीन होते. अमेरिकेत कायमचे राहता यावे म्हणून त्याने अर्ज केला होता. निकाल लागायचा होता. अर्ज विचाराधीन असताना देश सोडला, तर अर्जदाराने अर्जावर पाणी सोडले असे तिथले सरकार धरते. सोडायचाच असेल तर आधी सबळ कारण दाखवून लेखी परवानगी घ्यावी लागते आणि तिच्या मुदतीत परत पोहोचावे लागते. तो कागद म्हणजे ती परवानगी. त्याची बायको आणि तान्ही मुलगी तिकडेच होत्या. बायकोचा अर्जही त्याच्याच अर्जाला जोडलेला.

"म्हणजे बापाच्या श्राद्धाला घरी यायला तुम्ही त्यांची परवानगी घेतलीत?" मी विचारले.

"यायला नाही, साहेब. परत जायला."

पुढचा आठवडा उलटला की मुदत संपत होती.

मी हवालदाराला घेऊन घटनास्थळी गेलो. दाराचे कुलूप शाबूत, कपाटही उचकटलेले नव्हते. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि गव्हाणच्या बाजूच्या गावाहून मुलाला निरोप द्यायला येऊन राहिलेली म्हातारी आई. पंचनामा करताना लक्षात आले की त्याच पाकिटात प्रवासी धनादेश होते आणि वहिनीने त्याच्या मुलीसाठी दिलेली सोनसाखळीही. दोन्ही जागच्या जागी. मी ते नोंदवले. त्यावर विचार करायला मात्र विसरलो.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या पानवाल्याने, जो आमचा जुना खबऱ्या होता, निरोप धाडला. पासपोर्टवरचे फोटो बदलण्यात हात बसलेला एक इसम त्या आठवड्यात खांदा कॉलनीत फिरताना दिसला होता. अमेरिकेचा शिक्का असलेल्या पासपोर्टला तेव्हा चोरबाजारात मोठा भाव असे. त्या इसमाला आम्ही चौकशीसाठी आणले. तो आला तोच पाहुण्यासारखा.

हवालदार म्हणाला, "काय रे, सासुरवाडीला आल्यासारखा बसलास? खांदा कॉलनीत कशाला गेला होतास?"

"भाड्याची खोली बघायला. आणि सासुरवाडी कसली, दादा? तिथं चहा तरी विचारतात."

"चहा मिळेल. आधी पासपोर्ट काढ."

मी हवालदाराला हातानेच थांबवले आणि काय काय गेले ते त्या इसमाला सांगितले. त्याने डोके खाजवले.

"कागद पण गेला? आणि सोनं राहिलं?" तो हसला. "साहेब, आमच्यातला माणूस असता तर साखळी सोडली नसती, आणि त्या कागदाकडे ढुंकूनही बघितलं नसतं. ज्याच्या नावाचा कागद त्यालाच त्याचा उपयोग. ज्यानं नेला, त्याला विकायचं नाही. त्या पोराला अडवायचंय. घरात बघा."

हवालदाराला ते रुचले नाही. "चोर आम्हाला तपास शिकवतोय," असे तो पुटपुटला. मला मात्र ते पटले, आणि मी त्या इसमाला सोडून दिले.

घरात बघायचे तर कुणाकडे? माझी एक सवय होती. चोरीच्या घरी दोनतीनदा जाऊन मी नुसता बसत असे. ज्याची वस्तू गेली तो, आणि आपल्यावर संशय येईल अशी ज्याला भीती असते तो, दोघेही पोलीस दिसताच विचारतात, "काही लागलं का हाताला?" त्या घरात भाऊ विचारत होता, वहिनी विचारत होती, तक्रारदार तर जिना उतरून खाली येऊन विचारत होता. आईने एकदाही विचारले नाही. ज्याला वस्तू कुठे आहे हे ठाऊक असते, त्याला हा प्रश्न सुचत नाही.

मधे एक दिवस ती गावाला जाऊन आल्याचे वहिनी बोलता बोलता म्हणाली होती. इतरांना बाहेरच्या खोलीत बसवून मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आई, तुम्ही मधे गावाला जाऊन आलात?"

"आली."

"पासपोर्ट घेऊन?"

तिने नजर वळवली नाही. "मी चोरी नाय केली, सायेब. देवाजवल ठेवलाय."

"का?"

"कौल लावाया. आमच्याकडं होडी पाण्यात टाकाची तरी कौल लावतात. हा पयल्यांदा परदेशी गेला तवा लावलावता, उजवा पडला, मंग सोडला त्याला. आता ह्यो म्हनतो, तिकडच्या सरकारला इचारून घरी आलाय. तिकडच्या सरकारला इचारलं, मंग जाताना आमच्या देवाला नको इचाराया?"

कौल कसा लावतात, ते मी तिच्याकडूनच समजून घेतले.

कौल लावणे म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या कळ्या चिकटवून प्रश्न करायचा. उजवी कळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. म्हातारीला अक्षर येत नव्हते. पण मुलगा रोज ज्या दोन वस्तू काढून पाहतो आणि पुन्हा जपून ठेवतो, त्याच त्याच्या प्रवासाच्या वस्तू, हे तिने हेरले होते. त्या तिने देवापुढे ठेवल्या. डावी कळी पडली. एकदा डावा कौल मिळाला की पौर्णिमेपर्यंत पुन्हा विचारायचे नाही आणि ठेवलेली वस्तू उचलायची नाही, असा त्या गावचा रिवाज. पौर्णिमा येईपर्यंत मुलाची मुदत टळून जाणार होती.

बाहेरच्या खोलीत मुलाने सारे ऐकले होते. तो आत आला तो ओरडतच. "आई, तुला कळतंय का काय केलंस? माझी पोरगी तिकडे आहे!"

"माजा पोऱ्या इकडं हाय," ती म्हणाली.

आई आणि दोन्ही भावांना घेऊन आम्ही जीपने गावात गेलो. देऊळ लहानसे, कौलारू, अंगणात सुकत घातलेली जाळी. पासपोर्ट आणि घडी घातलेला कागद देवाच्या पायाशी हळदीकुंकवाखाली होता. गुरव वयस्क होता. तो वर्दीला घाबरला नाही आणि उद्धटपणेही वागला नाही.

"जिनं ठेवलं तिनं उचलाचं, सायेब. तुमी उचललंत तर मी आडवा नाय येनार. पन मंग तिनं जन्मभर काय मानाचं, ते तुमीच तिला सांगा."

मी पट्टा सोडला, बूट काढले आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. दोन पंच बोलावून मुद्देमाल ताब्यात घेण्याचा मला पूर्ण अधिकार होता. मुलगा माझ्याकडे त्याच अपेक्षेने पाहत होता. त्या वेळी मी जे विचारले, तो पोलिसाचा प्रश्न नव्हता. ते निव्वळ कुतूहल होते.

"आई, तुम्ही देवाला नेमके काय विचारलेत? जाऊ द्यावे का, असे?"

"नाय," ती म्हणाली. "गेला तर पुन्ना येल का, असं इचारलं."

अंगणातली कोंबडी दारात येऊन गेली तरी कुणी तिला हाकलले नाही. मुलाचा राग मी डोळ्यांदेखत उतरताना पाहिला.

"आई," तो हळू म्हणाला, "तो अर्ज मंजूर झाला ना, की मग घरी यायला मला कुणाला विचारावं लागणार नाही. कधीही निघता येईल."

"मंग येशील? ऱ्हायाला?"

त्याने भावाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. इतकी वर्षे मी माणसांकडून खरे काढून घेत आलो होतो, पण त्या क्षणी त्याने खोटे बोलावे असे मला मनापासून वाटले. 'हो' एवढे म्हटले असते तरी काम होणार होते.

"नाही," तो म्हणाला. "सुट्टीला येईन. राहायला नाही येणार, आई."

म्हातारीने देवाकडे पाहिले. मग पदर सावरून आत गेली, हात जोडले, पासपोर्ट आणि कागद उचलला, पदराने कुंकू पुसले आणि मुलाच्या हातात दिला.

"द्येव खरं बोलला, तू बी खरं बोललास," ती म्हणाली. "आता काय आडवू? जा. पोरीला थंडीची जप."

गुरवाने रिवाजाचा शब्द काढला नाही. मुलगा तिच्या पायाशी वाकला तो बराच वेळ उठला नाही. मुदतीच्या आत तो विमानात बसला, एवढे मला त्याच्या भावाकडून कळले.

ठाण्यात परतल्यावर मी डायरीत लिहिले: वस्तू तक्रारदारास नातेवाइकांकडून परत मिळाली, तक्रार नाही. वाक्य नियमाला धरून होते. पण जे घडले होते, त्यातले काहीच त्या वाक्यात उतरले नव्हते.

निवृत्तीनंतर मी स्वतःला अनेकदा तपासून पाहतो. चौकशीच्या खोलीत मी असंख्य प्रश्न विचारले, त्यांतल्या बहुतेकांचे मला हवे असलेले उत्तर आधीच ठरलेले असे. वेगळे आले की मी आवाज चढवीत असे. त्या म्हातारीने ज्या प्रश्नाच्या उत्तराची तिला धास्ती होती, तोच प्रश्न दोनदा विचारला. एकदा देवाला, एकदा मुलाला. दोन्ही वेळा जे आले ते तिने ऐकले आणि त्याप्रमाणे वागली. पुढच्या नोकरीत समोरच्या माणसाला प्रश्न करण्यापूर्वी मी स्वतःला विचारू लागलो, की याचे उत्तर ऐकून घ्यायची माझी तयारी आहे काय. कधी ती असे, कधी नसे. नसेल त्या दिवशी मी प्रश्न उद्यावर टाकीत असे.