झोळ शून्य

समोरच्या टापटीपबाईंना वाकडं म्हणून काही खपत नाही. जिना उतरताना चार घरांची पायपुसणी सरळ करूनच त्या कामाला जातात. एक-दोघीजणी तर गंमत म्हणून ती मुद्दाम तिरकी ठेवतात. कामही तसंच: वेबसाइटची पानं बनवायची आणि धुतल्या तांदळासारखी ठेवायची.

त्यांचा थोरला भाऊ खांबांवर तारा चढवणारा. दोन खांबांमधल्या तारेला झोळ लागतो, म्हणजे ती जरा सैल लोंबती ठेवायची. नाहीतर गारठ्यात ती आखडते आणि खांबालाच ओढून आणते. झोळ किती ठेवायचा हे सांगणारं पान बाईंनी भावाला बनवून दिलं होतं. लोंबत्या तारेच्या वाकाचा उलटा हिशेब करायला त्यात 'एकॉश' नावाचं फंक्शन. हे भलतं मानी. एकाहून लहान आकडा दिला की उत्तर देत नाही, 'हा आकडाच नाही' असं इंग्रजीत तोंडावर फेकतं. बाईंना ते ओंगळ दिसलं. तिथे त्यांनी गुपचूप शून्य बसवलं.

त्या दुपारी ऑफिसात भावाचा मेसेज आला: "नव्या तारेला झोळ शून्य म्हणतंय तुझं पान. महागाची चीज, ताठच असायची. ओढतोय." सोबत भरलेल्या आकड्यांचा फोटो. जुन्या तारेच्या लोंबण्याच्या मापाला त्याने उणे चिन्ह दिलं होतं. खांबवाल्यांची रीतच ती: टोकापासून खालचं ते सगळं उणे.

उणे म्हणजे एकाहून लहान; ते शून्य बाईंनीच बसवलेलं. त्यांनी लगेच फोन लावला.

भाऊ वर खांबावर, म्हणजे फोन खाली वहिनीकडे, आणि तार ओढायची चरखी फिरवणार वहिनीच. फोन वाजला, कापला गेला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

"वन्सं, हात गुंतलेत माझे. गप्पा मागून."

"वहिनी, चरखी थांबव."

"दोनच वेढे राहिलेत हो."

"थांबव म्हणते ना. खांब बघ."

पलीकडे चरखी थांबली. मग बारीक आवाजात, "वाकलाय. ह्यांच्यासकट."

"एकदम सोडू नकोस. खांब उसळेल, दादा फेकला जाईल. चरखीचा एकेक दात उलटा घे."

फोन मातीत ठेवल्याचा आवाज आला. कट्. चरखीचा एक दात सुटला. कट्. वरून दादा ओरडला, "काय गं, उलटी गंगा का वाहायला लागली?"

"तुम्ही खांबाला मिठी मारा आणि तोंड बंद ठेवा."

कट्. शेजारच्या टेबलावरून कुणी काही विचारलं, बाईंनी हातानेच त्याला गप्प केलं. कट्.

शेवटी दादाच फोनवर आला, धापा टाकत. "उतरलो. झालं काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. शून्य कुणी बसवलं तेही.

"म्हणजे त्याला उत्तर येत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तसं ते सांगत होतं?"

"हो."

"मग तू का त्याचं तोंड दाबलंस?"

 फोन चालू ठेवूनच बाईंनी ते शून्य काढलं आणि तिथे लाल अक्षरांत लिहिलं: उत्तर नाही, तार ओढू नका. दादाने तेच उणे आकडे पुन्हा भरून पाहिले.

"आता बोललं," तो म्हणाला. "पण तार उद्या. हिचे हात अजून चरखीवरून निघत नाहीयेत."