शेजारच्या खिडकीची लाईन

अंबरनाथ स्टेशनवर मी तिकिटांच्या एक नंबरच्या खिडकीत बसायचे आणि ती दोन नंबरच्या. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं आम्ही अशी शेजारी शेजारी काढली. साहेब बदलले, पंखे बदलले, आमच्या खुर्च्या काही हलल्या नाहीत. ती मला 'शेजारीण' म्हणायची, मीही तिला तेच म्हणायचे. आडपडदा नको म्हणून आधीच सांगून टाकते: त्या सगळ्या वर्षांत तिच्यामुळे माझा जळफळाट झाला नाही, असा एक आठवडा मला आठवत नाही.

कारण तिची लाईन. माझ्यासमोर चार माणसं असली तर तिच्यासमोर पंधरा. माझी खिडकी मोकळी आहे हे लोकांना दिसत नव्हतं असं नाही. मी आतून ओरडायचे, "इकडे या, इकडे रिकामं आहे," तर माणसं नुसती मान हलवायची आणि तिच्याच लाईनीत उभी राहायची. मी मनाशी म्हणायचे, माझा हात चालतो म्हणून माझी लाईन छोटी आणि ती गप्पा मारत बसते म्हणून तिची मोठी. हेच मी घरी नवऱ्यालाही ऐकवायचे. तो "हो, हो" म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

पण माझा हात खरंच चालायचा. आम्ही लागलो तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटं होती. भिंतीला खणाखणांचं कपाट, एकेका खणात एकेका स्टेशनची तिकिटं. मी न बघता तिकीट ओढायचे, तारखेच्या लोखंडी मशीनमध्ये खटकन दाबायचे, सुटे पैसे आणि तिकीट एकदमच बाहेर सरकवायचे. महाशिवरात्रीला शिवमंदिराची यात्रा परतायला लागली की साहेब मला पाणी प्यायलाही उठू द्यायचे नाहीत. ती मात्र त्या गर्दीतही उल्हासनगरच्या सिंधी बायकांशी त्यांच्या भाषेत हसत बोलायची. त्या तिला 'अदी' म्हणायच्या, म्हणजे बहीण. कुणाच्या पोराची दहावी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं तिला ठाऊक. पासवर आयकार्डाचा नंबर लिहावा लागायचा, तो नेहमीच्या माणसांचा तिला पाठ होता. माणूस समोर नुसता उभा राहिला की ही लिहायला लागायची. मी प्रत्येकाकडे आयकार्ड मागायचे. नियमच होता तसा.

फक्त एक माणूस माझं होतं. स्टेशनाबाहेर पत्र्याच्या छपराखाली पाणपोई होती, दोन मोठे रांजण. शिवमंदिराकडच्या वस्तीतली एक म्हातारी ते रोज सकाळी विहिरीच्या पाण्याने भरायची. तिचा नवरा रुळांच्या कामावर होता आणि रुळांवरच गेला. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची. पगार नाही, कुणी सांगितलंही नव्हतं. दुपारी ती बुकिंगच्या मागच्या दाराशी यायची आणि पहिला तांब्या मला द्यायची. एकदा शेजारणीने हात पुढे केला, तर म्हातारी म्हणाली, "थांब गो. पयला हिला. ही कोनाशी बोलत नाय, हिला कोन पानी इचारनार?" शेजारीण खो खो हसली. मी तो अख्खा तांब्या तिच्याकडे बघत बघत प्यायले.

पुढे नळ आले, थंड पाण्याचं मशीन आलं, रांजण गेले, म्हातारीही गेली. पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या जागी कॉम्प्युटर बसले. सरकते जिने झाले, पास मोबाइलमध्ये शिरला. आम्ही दोघी एकाच वर्षी रिटायर झालो. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी बसले आणि ही बया पुन्हा स्टेशनवर! तिकिटांच्या मशीनपाशी लोकांना तिकीट काढून द्यायला रिटायर माणसं नेमतात, तिथे ती उभी राहिली. मलाही अर्ज करता आला असता. पण तिच्या शेजारच्या मशीनसमोर पुन्हा रिकामं उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

मग आमचं जुनं बुकिंग ऑफिस पाडायचं ठरलं. नेहमीच्या प्रवासी मंडळींनी त्याआधी एक छोटा कार्यक्रम ठेवला. स्टेशनात काय होतं, काय आलं, काय गेलं, ते कुणीतरी जुन्या माणसाने सांगायचं. त्यांनी तिला बोलावलं. मला आलं ते मोबाइलवर सगळ्यांना जातं ते निमंत्रण. कुठलं मशीन कधी बसलं, कुठला दरवाजा कधी बुजवला, हे मला पाठ, आणि भाषण करणार ती!

आठवडाभर आधी तिचा फोन आला.

"शेजारीण, तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही बघ. ती पाणपोई कुणाची होती गं? म्हातारी आठवते, पण ती नोकर होती का कुणाची? रांजण कुणी ठेवले होते?"

मी म्हटलं, "बाजारातल्या एका शेटने. म्हातारीला त्याने पगारावर ठेवली होती."

"नक्की ना?"

"मी कधी चुकीचं सांगते का?"

कार्यक्रमाला पुढे जुनी माणसं बसणार हे मला माहीत होतं. कुणीतरी उठून टोकेल आणि तिला एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर गप्प व्हावं लागेल, एवढंच मला हवं होतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. ती बोलायला लागली आणि माणसं हसायलाच लागली. तारखेच्या मशीनमध्ये तिचं बोट सापडलं ते, एक आजोबा रोज विचारायचे 'गाडी लेट आहे का' आणि कधीच गाडीत बसायचे नाहीत ते. मला वाटलं, यातलं निम्मं मीही पाहिलं होतं, मग मला हे असं का सांगता येत नाही? मग तिने कागदात बघितलं आणि पाणपोईचं वाचलं. शेट, पगार, सगळं.

दुसऱ्या रांगेतून एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उभे राहिले. सत्तरीचे तरी असतील.

"मॅडम, त्ये रांजन माजी आय भरायची. शेट नाय, पगार नाय. माजा बाप लायनीवर मेला, म्हनून भरायची."

मला हवं होतं ते झालं होतं. शेजारीण गप्प होती. मग तिने कागद खाली घेतला आणि म्हणाली, "दादा, माझं चुकलं. मी नीट विचारायला हवं होतं. तुम्ही या, तुम्हीच सांगा." तिने माझं नाव घेतलं नाही.

ते स्टेजवर गेले. त्यांना बोलायची सवय नव्हती, माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "आय घरी येऊन सांगायची, येक नंबरच्या खिडकीतली बाय लय कामाची हाय, पन येकटी हाय. पयला तांब्या तिला. शेवटी खाटेवर व्हती, तवा पन इचारायची, त्या बायला पानी कोन देतं आता? ती मॅडम कोन, कुटं आसतील, मला ठाव नाय."

शेजारणीने माझ्याकडे सरळ बघितलं. हात वर करायला कितीसा वेळ लागतो? पण हात वर केला असता तर त्यांनी विचारलं असतं, मॅडम, तुम्हाला सगळं माहीत होतं, मग यांना खरं का नाही सांगितलंत? मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले. ज्या एकाच बाईने शेजारणीला सोडून मला निवडलं होतं, तिलाच मी एका शेटची मोलकरीण करून टाकलं होतं.

टाळ्या झाल्या. शेजारीण खाली येऊन माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली आणि भाषणाच्या कागदाने वारा घेऊ लागली. कागद पुढे-मागे होत होता, तिचं अक्षर मोठं, मला न वाचायचं असूनही दिसलं. पाणपोईच्या खाली शेवटची ओळ होती: 'बाकीचं सगळं शेजारणीला पाठ आहे. तिला वर बोलवायचं. नाही म्हणेल. हाताला धरून आणायचं.'

तिने मला बोलावलं नव्हतं. माझी लाज राखायला, की शिक्षा म्हणून, ते मी विचारलं नाही.

"हात वर करायचास ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"मी तुला खोटं सांगितलं."

"ते कळलं मला." तिने कागदाची घडी घातली. "चल, माझी ड्युटी आहे."

ती उठून गेली. मी चहाला थांबले नाही. निघण्याआधी त्या गृहस्थांजवळ दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा त्यांच्याभोवती माणसं होती, आणि खरं सांगायचं तर माणसं नसती तरी मी बोलले नसते.

स्टेशनात आले तर ती मशीनपाशी उभी होती, जणू काही झालंच नव्हतं. कुणा आजीबाईंना हिंदीत विचारत होती, "घुटना कैसा है अब?" मला बदलापूरचं तिकीट हवं होतं. मोबाइलवर काढता येतं, एरवी मी तसंच काढते. त्या दिवशी तिच्या लाईनीत उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्यापुढे नऊ माणसं होती. तेव्हाही मला तिचा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्तच.

बाजूला नव्या बुकिंगची एक नंबर खिडकी रिकामी होती. आतल्या मुलीने मला दोनदा हाक मारली, "मॅडम, इकडे या ना, इकडे कुणी नाही."

मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि तिथेच उभी राहिले.