परदेशात दिसलेली अंबूबाई

कशेडी घाटाच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर, थोड्याशा घरांची एक वाडी आहे. चंद्रभागा तिथे नांदायला आली तेव्हा तिला शेळ्यांची भीती वाटायची. हे ती स्वतःच हसून सांगते, कारण पुढे सगळा जन्म तिने शेळ्याच राखल्या. शिकवलं ते थोरल्या जावेनं, अंबूबाईनं. पाला कुठल्या उतारावर लवकर फुटतो, धुक्यात हाक कशी लांबवायची, लंगडणाऱ्या शेळीचा खूर कसा बघायचा. दुपारी दोघी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. अंबूबाई पहिला तुकडा मोडून शेजारच्या दगडावर ठेवायची आणि म्हणायची, "डोंगराचा." मगच जेवायला लागायची.

काही वर्षांमागे एका श्रावणात चुकलेली शेळी शोधायला अंबूबाई रानात शिरली ती परतलीच नाही. वाडीच्या माणसांनी रान पालथं घातलं, घाटात ट्रक थांबवून ड्रायव्हरांना विचारलं. त्याच दिवशी घाटात दरड आली होती, तिच्याखाली गेली असेल असं सगळे म्हणाले. पण माती उपसली तेव्हा तिच्यात अंबूबाई नव्हती आणि शेळीही नव्हती. तिचा मुलगा कुशाबा हट्टाला पेटला. "डोळ्यांनी बघितल्याबिगर मी दहावं-बारावं करायचा नाय," म्हणाला. त्याने केलंही नाही. घरात तिचं नाव निघालं की 'होती' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

चंद्रभागेची लेक ज्योती मुंबईला असते. जावई पियुष कापडे गावचा, एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी. फ्रेंच पद्धतीचं जेवण रांधण्यात त्याचा हात बसलेला, पण ते जेवण पुढ्यात येईल अशा खुर्चीत तो कधी बसला नव्हता. यंदा दोघांनी बँकॉकची सहल ठरवली आणि आईलाही घेतलं. तिथे ज्योतीला एका फ्रेंच हॉटेलाचा पत्ता लागला. रात्रीचं जेवण त्यांच्या ऐपतीबाहेरचं, पण दुपारचं ठरलेलं ताट आवाक्यातलं.

"एकदा तरी मला कुणी वाढू दे," पियुष म्हणाला. मग काय, गेले.

जुना लाकडी वाडा होता. बाहेर ऊन रखरखत होतं आणि आत पडदे ओढून काळोखी केलेली. पांढऱ्या हातमोज्यांचे वाढपी पावलांचा आवाज न करता फिरत होते. दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. एवढ्या मोठ्या खोलीत चमचा बशीला लागला तरी दचकायला व्हावं.

"कुणी मेलंय का गो इथं?" चंद्रभागेनं हळूच विचारलं.

"आई, हळू जेवायची जागा हाय ही," ज्योती हसली.

आधी गरम पाव आणि लोणी आलं. मग वाटीभर कांद्याचं सार. पियुष प्रत्येक घासाला डोळे मिटत होता. त्याच्याकडे बघून चंद्रभागेला बरं वाटलं. तिने मान वळवली, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलाशी कुणीतरी पाठमोरी बसलेली दिसली. बाई म्हातारी होती. मानेवर आवळून बांधलेला अंबाडा, डावा खांदा किंचित उतरलेला.

असेल इथलीच कुणी, असं चंद्रभागा मनाशी म्हणाली. म्हाताऱ्या सगळीकडे सारख्याच दिसतात. पण त्या बाईनं पाव मोडला, पहिला तुकडा बशीबाहेर, पांढऱ्या कापडावर ठेवला, आणि मग खायला लागली.

चंद्रभागेच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्या बाईनं मान फिरवली नाही. भिंतीकडे बघतच ती म्हणाली,

"शेळी गावली गो, चंद्रे."

आवाज रोजच्यासारखा होता. शेताच्या मेरेवरून बोलावं तसा. 'कुठं गावली, बाय?' हे चंद्रभागेच्या ओठांवर आलं. तेवढ्यात वाढपी मासळीच्या बश्या घेऊन मधे आला. तो बाजूला झाला तेव्हा खुर्ची टेबलाला लावलेली होती आणि तिथे कुणीही नव्हतं.

"तिथं बाई बसली होती ना?" तिने विचारलं.

"कुणीच नाय, आई," ज्योती म्हणाली. "आपण आल्यापासून टेबल रिकामंच हाय."

पियुषनं सासूचा चेहरा बघितला आणि वाढप्याला बोलावून इंग्रजीत विचारलं. त्यानेही मान हलवली. सकाळपासून त्या टेबलावर कुणाला बसवलेलं नव्हतं. सांगता सांगता त्याची नजर तिकडे गेली. कापडावर पावाचा तुकडा होता. त्याने जाऊन तो अलगद उचलला. मग त्या रिकाम्या खुर्चीपुढे दोन्ही हात जोडून खाली वाकला आणि मागे न बघता आत गेला.

ज्योतीने खुर्ची मागे सारली. "चला, उठूया," ती म्हणाली.

"बसा," चंद्रभागा म्हणाली. "अन्न टाकून उठायचं नाय." लोण्यातली मासळी तिने काट्याकाट्याने निवडून खाल्ली. शेवटी आलेली, वर जळक्या साखरेची पापडी असलेली खीरही संपवली. चव कशी होती ते तिला आजही सांगता येत नाही.

वाडीवर आल्यावर तिने पिशवीही न सोडता कुशाबाचं घर गाठलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. वेडी झालीस का, असं तो म्हणेल म्हणून ती तयारीत होती.

"जेवत होती?" त्याने विचारलं.

"हां."

"काकी, तुला बोलावलं नाय ना तिनं?"

"नाय रे. नुसतं सांगितलं."

कुशाबाने समोरच्या रानाकडे बघितलं. मग पंचा तोंडाला लावून लहान पोरासारखा रडला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच रडत होता.

पुढच्या अमावास्येला त्याने पोलादपुरात सावित्रीच्या काठी आईचे विधी केले. पिंड पाण्यात सोडून सगळे वाडीची चढण चढू लागले, तेव्हा ऐन दुपार होती आणि रान अगदी गप्प होतं. असं परतताना मागे वळायचं नसतं. अर्ध्या वाटेवर चंद्रभागेची पावलं अडखळली. तिने काही ऐकलं का, हे कुणी विचारलं नाही. कुशाबाने तिचं मनगट घट्ट धरलं आणि माथा येईपर्यंत सोडलं नाही.